नवऱ्याविरुद्धचं पत्रक

मास्तरांनी शिलाई मशीनवर कोरा कागद ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, तुमच्या नवऱ्याची बदनामी लिहा."

तिला वाटलं, माणूस थकलाय. मतदानाला सहा दिवस उरले होते आणि तिच्या शिवणाच्या खोलीतून चाललेला नवऱ्याचा प्रचार पार गाळात रुतला होता. मास्तरांनी जन्मात कधी शाळेत शिकवलं नव्हतं. चार जणांना निवडून आणलं होतं, म्हणून ते मास्तर.

"शंभर घरं फिरलो," ते म्हणाले. "साठ गोदामवाल्यांच्या बाजूची."

"मग त्यांची बदनामी करा की."

"करून झाली. रसायनांची पिंपं, खोटे परवाने, ती आग, सगळं सांगितलं. लोक म्हणतात, निवडणूक आली की असं चालायचंच. उलट त्यांचीच कीव करतात. चिखल फेकणाऱ्याचे हात आधी बरबटतात, वहिनी. म्हणून या खेपेला फेकणारे ते दिसले पाहिजेत."

तिने कागद जवळ ओढला. गोदामवाले जिंकले तर त्यांचं दुसरं गोदाम शाळेच्या कुंपणाला लागून उभं राहणार होतं. पहिल्या गोदामात तीन वर्षांपूर्वी तिची लेक गेली होती. अकरा वर्षांची. तिचा बाप तिथे स्टोअरकीपर होता आणि सुट्टीच्या दिवशी ती त्याला डबा द्यायला गेली होती. तो फाटकाशी ट्रकची नोंद करत होता. धूर दिसला तसा आत धावला आणि दोन्ही हात भाजून एकटाच परतला. सगळ्या वस्तीला हे पाठ होतं.

ते दुसरं गोदाम अडवायचं म्हणूनच तो उभा राहिला होता. पण भाषणात लेकीचा विषय काढायला मात्र तयार नव्हता. "तिला मध्ये आणायचं नाही," एवढंच म्हणायचा. तिला त्याचा अभिमान वाटायचा आणि कधीकधी भयंकर रागही यायचा.

"किती खोटं लिहू?" तिने विचारलं.

"छोट्या खोट्यावर लोक विश्वास ठेवतात, ते आपल्याला परवडायचं नाही. असं लिहा की वाचणाऱ्याच्या अंगावर काटा आला पाहिजे आणि छापणाऱ्याच्या तोंडात शेण घालावंसं वाटलं पाहिजे. मला ते जमायचं नाही. वर्मावर घाव घालायचा तर वर्म माहीत लागतं."

"ह्यांना कळलं तर?"

"कळू द्यायचं नाही. दुःख खरं दिसायला हवं."

तिने आधी लिहिलं, हा दारू पितो. मास्तरांनी मान हलवली. मग लिहिलं, हा लाच खायचा. "हे पटेल हो लोकांना," मास्तर वैतागून म्हणाले. तिसरा कागदही फाटला. तेव्हा तिने त्यांना बाहेर घालवलं, दाराला आतून कडी लावली आणि कापड बेतायच्या टेबलाशी उभ्याने लिहिलं.

'हा बाप फाटकाशी नव्हताच. आत होता, लेकीपासून दोन हातांवर. आग लागली तेव्हा आधी हा पळाला. ज्वाळा मागे येऊ नयेत म्हणून याने दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली. हात भाजले ते त्या तापल्या कडीने. लेक आतून दार वाजवत राहिली. याला मत देणार?'

लिहिलं आणि कागदाची घडी घातली. पोटच्या पोरीला पुन्हा एकदा जाळल्यासारखं वाटलं तिला.

मास्तरांनी वाचून चष्मा काढला. "असं सुचतं तरी कसं माणसाला!"

"मला नका विचारू. न्या ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्रांच्या घडीत घालून पत्रक घरोघरी गेलं. दुपारपर्यंत वस्ती पेटून उठली. बायका तिच्या गळ्यात पडून रडल्या. गोदामवाल्यांच्या गाडीवर कुणीतरी शाई ओतली. हे पत्रक आमचं नाही, असं गोदामवाले शपथेवर सांगत होते. जन्मात एकदा खरं बोलले बिचारे, तेही फुकट गेलं.

नवऱ्याने पत्रक दारातच वाचलं. तो ओरडेल, कुणाच्या तरी अंगावर धावून जाईल, म्हणून ती वाट पाहत राहिली. त्याने एवढंच विचारलं, "सगळ्यांकडे गेलंय?"

"हो."

"उत्तर द्यायचं नाही," मास्तर घाईने म्हणाले. "उत्तर दिलं की वाद सुरू होतो. एक अक्षरही नको."

"नाही देत," तो म्हणाला.

त्या दिवशी सभेत तो माईकसमोर उभा राहिला. माईक दोनदा हातात घेतला, दोनदा परत ठेवला. शेवटी तो तिथेच व्यासपीठाच्या फळीवर बसला आणि हमसून हमसून रडला. समोरचं सगळं मैदान रडलं.

"झालं," मास्तर तिच्या कानाशी पुटपुटले. "आपण जिंकलो."

तिला मास्तरांची शिसारी आली, आणि त्याहून जास्त स्वतःची. पुढचे चार दिवस तो जेवला नाही. आता सांगू, मग सांगू करत ती रोज त्याच्यासमोर उभी राहायची आणि तशीच परत फिरायची.

निकाल लागला. त्याला दुपटीने मतं पडली. शाळेचं कुंपण आता सुरक्षित होतं. बाहेर त्याच्या नावाचा जयघोष चालला होता. तिने त्याला हाताला धरून आत नेलं आणि दार लावून घेतलं. तो तिच्या स्टुलावर बसला.

"अहो, मला काही सांगायचंय," ती म्हणाली. "हवं तर मला घराबाहेर काढा. पण ते पत्रक..."

"थांब. आधी मला बोलू दे." त्याने भाजलेले तळहात उघडले आणि त्यांच्याकडे बघत राहिला. "पत्रक आल्यापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. त्यांना कळलं कसं गं? मी दार ओढून घेतलं तेव्हा तिथं दोघंच होतो, मी आणि आपली पोर."