डावा हात आधी

मुलीने ओठांवर बोट ठेवून बाईंच्या सुनेला गप्प राहायची खूण केली. सूनही मिस्कील हसली. मागून जिना चढून आलेल्या मॅडम मात्र उंबऱ्याशीच घुटमळल्या. दुसऱ्या शिक्षकाच्या घरात पाऊल टाकलं की आपण परीक्षेला आलोय, असं त्यांना उगाचच वाटायचं.

बाई खिडकीशी आरामखुर्चीत बसल्या होत्या. नजर गेली तशी त्यांनी पियानोची शिकवणी बंद केली आणि शिकायला येणारी मुलं इकडेतिकडच्या शिक्षकांकडे सोपवून दिली. ही मुलगी मॅडमच्या वाट्याला आली. तिला येऊन आता बरेच महिने झाले होते, तरी तिच्या तोंडी 'बाई' म्हणजे जुन्या बाईच. मॅडम त्या नुसत्या मॅडम. ते त्यांना लागायचं, पण असली गोष्ट बोलून दाखवायची तरी कशी?

"आई, कुणीतरी वाजवायला आलंय," सून म्हणाली.

"नाव सांगू नकोस हं!" बाई खुर्चीत सरसावून बसल्या. "बस गं, नाहीतर बस रे, जे कोण असशील ते. तोंड मिटून वाजवायचं. परवा तो लांबुडका आला होता, बँकेत लागलेला. पहिल्या ओळीत पकडला त्याला. म्हणतो, बाई, तुम्हाला सगळं दिसतंय, तुम्ही सोंग घेताय."

मुलीने हसू दाबलं. "मला तर पहिल्या सुरातच ओळखतील, बघा तुम्ही," असं ती जिन्यातच मॅडमना सांगून बसली होती. एवढ्यासाठीच तर ती हट्ट धरून आली होती. ती स्टुलावर बसली आणि बाईंनीच कधीकाळी शिकवलेली एक संथ चाल तिने सुरू केली.

सुरेख वाजवत होती. मॅडमची मान नकळत ताठ झाली. ही पोरगी त्यांच्याकडे आली तेव्हा तिचा डावा हात उजव्याच्या किंचित आधी पट्टीवर पडायचा, दर वेळी, अगदी केसभर. मॅडमनी टकटक करत लय मोजणारा मेट्रोनोम लावला, एकेक ओळ सुटी करून घोटून घेतली. "हे कुणी चालवून घेतलं तुझं?" असंही एकदा त्या फटकन बोलून गेल्या होत्या. आता दोन्ही हात एकदम पडत होते, एका माणसाचे असावेत तसे.

बाई कान देऊन ऐकत होत्या. नाव ओठांवर घेऊनच बसल्यासारखं हसू होतं त्यांच्या चेहऱ्यावर. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. हसू तसंच ताटकळत राहिलं.

शेवटचा सूर विरला.

"छान," बाई म्हणाल्या. परक्या माणसाशी बोलतात तसं बोलल्या. "हात फार स्वच्छ आहे. कुणाकडे शिकता आपण? माझ्याकडचं नाही वाटत कुणी."

मुलगी स्टुलावर बसल्या बसल्याच एवढीशी झाली. "बाई, मी आहे."

"अगं बाई, तू!" आवाज ऐकताच बाईंनी दोन्ही हात पुढे केले. "शहाणे, आणि डावा हात कुठे ठेवून आलीस? तो तर सदानकदा पुढे पळायचा तुझा! किती ओरडले मी त्यापायी. मग म्हटलं, जाऊ दे, असतो एखाद्याचा हात उतावळा. शेवटी शेवटी डोळ्यांना काही दिसेना, तेव्हा तेवढ्यावरूनच तर कळायचं मला, की स्टुलावर तू आहेस." मग त्यांनी दाराच्या दिशेने मान वळवली. "मॅडमही आल्यात का? माझ्याच्याने जे झालं नाही, ते तुम्ही करून दाखवलंत हो. मानलं तुम्हाला."

"छे, छे, तसं काही..." मॅडम पुटपुटल्या. जुन्या बाईंच्या तोंडून हे ऐकावं, अशी त्यांची केवढी इच्छा होती. आता ते ऐकताना कुठे तोंड लपवू असं झालं.

"एकदा वाजव ना गं तसंच," बाई म्हणाल्या. "तुझं ते. चुकीचं."

मुलीने हात ठेवले. दोन्ही एकदम पडले. तिने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा एकदम. तिसऱ्यांदा तिने उजवा हात मुद्दाम मागे धरला, तर तो भलतीकडेच जाऊन पडला.

"थांबा हं बाई, एक मिनिट." तिचे कान लाल झाले होते. एखादी ओळ अडली की ती शिकवणीत जशी वर बघायची, तशीच तिने मॅडमकडे बघितलं. मॅडम जवळ आल्या. मुलगी त्यांच्या कानाशी लागली.

"मॅडम, मी कसं वाजवायचे?"

मॅडमना ते ठाऊक होतं. त्यांच्याइतकं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पुसून टाकायचं म्हणून त्यांनी ते किती बारकाईने ऐकलं होतं!

त्यांनी मुलीला खुणेनेच उठवलं आणि त्या स्टुलावर बसल्या. डावा हात केसभर आधी पडला. उजवा त्याच्या मागून सावकाश आला. पुढच्या सुराला तसंच, त्याच्या पुढच्यालाही. त्या चालीत इतकी माया असेल, हे मॅडमना आत्ता कळत होतं. आपण हे मोडलं, एवढंच त्यांच्या मनात येत राहिलं.

बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली.

"हां! आता कसं! ही माझी पोर!"

मॅडम वाजवत राहिल्या. मुलगी पियानोच्या कडेला, हात पाठीशी बांधून उभी होती.

"हो बाई," ती म्हणाली, "मीच."