ओटीतला ब्लाउजपीस

शर्वरीनं कपाटातली पिशवी पलंगावर उपडी केली. ब्लाउजपीसच ब्लाउजपीस. हळदीकुंकवातले, डोहाळजेवणातले, बारशातले. एकाचंही प्लास्टिक उघडलेलं नव्हतं. कुणीतरी आपल्या ओटीत घालायचा, आपण तोच दुसरीच्या ओटीत घालायचा. शिवत मात्र कुणीच नाही.

दिवाळीत माहेराहून निघताना आईनंही असाच एक दिला होता.

"अगं आई, दुकान काढता येईल एवढे पडलेत घरी," ती हसत म्हणाली होती.

"असू दे गं शरू. रिकाम्या ओटीनं लेकीला पाठवत नाहीत."

गाडी खाली थांबली होती. तिनं तो तांदूळ-नारळासकट बॅगेत कोंबला आणि घरी आल्यावर या पिशवीत टाकला. रंगसुद्धा बघितला नाही.

संक्रांतीच्या आधीच आई गेली.

आता ती एकेक पीस नाकाशी नेत होती. आईच्या कपाटाला कापराचा वास असायचा. पण इथं सगळ्यांना एकच वास, प्लास्टिकचा. सगळेच गुळगुळीत, सगळेच चकचकीत. यातलाच एक आईचा. तोही अजून यात असला तर. मधल्या काळात तिनं दोघी-तिघींच्या ओट्या भरल्या होत्या.

बाहेरून सासूबाईंची हाक आली. "शर्वरी, मामी निघाल्यात. ओटीला एक ब्लाउजपीस आण गं. कुठलाही चालेल."

तिनं दोन्ही हातांनी सगळा ढीग पोटाशी ओढून घेतला.

"संपलेत," ती म्हणाली.