मीटरला चाळीस

"अंगठा काढ," दाजी म्हणाला.

गोदामवाल्यानं सुरुंगाच्या वातीचं वेटोळं छातीशी धरलं होतं आणि त्याला बांधलेल्या चिठ्ठीवर अंगठा दाबून ठेवला होता. "चाळीसच आहे, दाजी. नेहमीचंच."

"अंगठा काढ म्हटलं ना."

तो काढत नाही म्हटल्यावर दाजीनं तो अंगठा धरून मागे वाकवला. गोदामवाला गुडघ्यावर आला. मुकादम दारातच उभा होता, त्यानं मान खाली घातली. घरच्या भांडणात तिसऱ्यानं पडलं की दोन्हीकडून मार खावा लागतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

दाजी या दगडाच्या खाणीतला सुरुंगवाला. वीस वर्षं सुरुंग उडवूनही दहा बोटं शाबूत, आणि त्या दहाही बोटांचा माज. गोदामवाला त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. दाजी त्याला 'साल्या' म्हणूनच हाक मारायचा. नातंही सांगून व्हायचं आणि शिवीही देऊन व्हायची.

दाजीला गणित एकच येत होतं. वात फुटाला चाळीस सेकंद जळते, म्हणजे तीन फुटाला दोन मिनिटं. पेटवायची, पायवाटेनं वर यायचं आणि दगडी भिंतीआड बसायचं. चालायला दीड मिनिट लागायचं. उरलेल्या अर्ध्या मिनिटात तो सिगारेट पेटवायचा.

चिठ्ठीवर ठळक, सुटी अक्षरं होती. 'जळण्याचा वेळ चाळीस सेकंद.' अंगठा होता तिथे लिहिलं होतं, 'दर मीटरला.'

दाजीनं ते दोनदा वाचलं.

"मीटरात फूट किती?"

"तीन. वर थोडं."

पहिली थप्पड बसली. "मग फुटाला किती सेकंद?"

"बारा."

दुसरीनं ओठ फुटला. "आणि तीन फुटाला?"

"छत्तीस."

"आणि मला वर यायला किती लागतात?"

दाजीनं त्याचे केस धरून डोकं लोखंडी मांडणीवर आपटलं. खिळ्यांचा डबा खाली सांडला आणि खिळ्यांत एक दातही पडला.

"नव्वद," गोदामवाला म्हणाला.

"म्हणजे वाटेतच माझा चुरा. नुसतं गप्प बसून मारणार होतास मला?"

"तुम्ही ताईला मारून टाकाल."

त्यात खोटं काही नव्हतं. परवाच दाजीनं तिचं गळ्याखालचं हाड मोडलं होतं आणि पुढच्या खेपेला खाणीच्या कड्यावरून ढकलीन असं सांगितलं होतं. दाजी इतर बाबतीत थापाड्या असेल, पण मारण्याच्या बाबतीत दिलेला शब्द पाळायचा.

"पुढची खेप आजच," दाजी शांतपणे म्हणाला. "संध्याकाळी घरी गेलो की. तूही ये बघायला."

मुकादमाला राहवलं नाही. "मी म्हणतो, फूटभर तुकडा जाळून बघा की आधी. घड्याळ आहे माझ्याकडे."

"हातच्या काकणाला आरसा कशाला? लिहिलंय ना? आणि ह्याचं थोबाड बघ. चोराच्या मनात चांदणं." दाजीनं टेप काढून स्वतः तीन मीटर वात मोजली आणि कापली. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा," जाता जाता तो म्हणाला.

मजुरांना लांब पिटाळलं होतं. भिंतीआड मुकादम आणि गोदामवाला दोघंच बसले. खाली दाजीनं वात भोकात सोडली, वरचं वेटोळं दगडांखाली दाबलं आणि टोक पेटवलं. मग घाई न करता, छाती काढून तो वर आला.

त्यानं सिगारेट पेटवली. दोन मिनिटं झाली. अडीच झाली. खालून काही आवाज आला नाही.

चौथ्या मिनिटाला दाजीनं सिगारेट फेकली आणि गोदामवाल्याच्या पोटात लाथ घातली. "ओली वात दिलीस, साल्या?"

गोदामवाला रक्त थुंकला. "माहीत नाही. पण खाली जाऊ नका. अर्धा तास थांबायचं असतं."

"नियमच आहे तसा," मुकादम म्हणाला.

"नियम नवशिक्यांना. आणि ह्याच्या तोंडचं ऐकून मी थांबू?" दाजीनं आणखी एक लाथ हाणली, ती बरगडीत बसली. "दुसरी वात लावून येतो. मग तुझ्याकडे बघतो, आणि मग तिच्याकडे."

तो पायवाटेनं उतरू लागला. गोदामवाला भिंतीला धरून उठला आणि त्याच्याकडे बघत राहिला. मुकादमाला त्याची कीव आली. पोराची आज धडगत नाही आणि त्याच्या बहिणीचीही नाही, असं त्याला वाटलं.

खाली दाजी सुरुंगाच्या भोकापाशी पोचला. वाकून एकेक दगड बाजूला करू लागला.

"माझं डोकंच चालेना," मुकादम म्हणाला. "मीटरला चाळीस, म्हणजे तीन मीटरला दोनच मिनिटं. सहा होऊन गेली की."

गोदामवाल्यानं मुकादमाचं मनगट धरून घड्याळ आपल्याकडे वळवलं.

"वात जुनीच आहे, फुटाला चाळीसवाली," तो म्हणाला. "चिठ्ठी ताईनं लिहिली. डोकं खाली घ्या, अजून वीस सेकंद आहेत."