ग्रहणाचा दोष

चार वर्षांच्या इंदूच्या गुडघ्याची वाटी जन्मापासूनच बाजूला सरकलेली होती. "सुनेने गरोदरपणी ग्रहणात विळी चालवली, त्याचं फळ," असं आजी उमाबाई येईल-जाईल त्याला सांगत, आणि इंदूची आई सुभद्रा मान खाली घालून ऐकून घेई.

१९०७च्या माघात दोघी इंदूला बैलगाडीने सरदारपूरहून धारच्या दवाखान्यात घेऊन आल्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गुडघा उघडून वाटी जागेवर बसवावी लागेल. जिवाला धोका आहेच. घरात आणखी कुणाला असं आहे का?"

सुभद्रेने नाही म्हणून मान हलवली.


उमाबाईंनी आपलं लुगडं गुडघ्याच्या वर घेतलं. "माझीही वाटी जन्मापासून अशीच आहे, बाई. आधी माझ्यावर सुरी चालवा. मी जगले, तर नातीला हात लावा."