हिमयुगातून आलेलं नाक

शिंगराच्या कपाळावर पांढुरका ठिपका दिसताच तपासायला आलेल्या बाई थबकल्या. एक्समूर जातीच्या अस्सल तट्टाला नाकाचा पिठूळ रंग सोडला तर पांढरा केससुद्धा चालत नाही.

कुंपणाशी उभ्या माईंना लेकीचा पडलेला चेहरा दिसला. इंग्लंडात तिने पाळलेल्या घोडीचं हे पहिलंच शिंगरू. "ही जात फार जुनी, हे पिठात बुडवल्यासारखं नाक थेट हिमयुगातून आलंय," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

माईंनी जीभ चावली. आत शिरून त्यांनी पदराने शिंगराचं कपाळ खसाखसा पुसलं. ठिपका गेला, खाली सगळी तपकिरी लव.

"आई, अंगारा लावलास?"

"मग? तू कधी त्याशिवाय परीक्षेला गेलीस?"

लेकीने हसत हसत ते बाईंना इंग्रजीत समजावलं. बाईंनी शिंगराला अस्सल ठरवलं आणि निघताना माईंपुढे तळहात पसरला. "चिमूटभर मलाही द्या. माझा मुलगा उद्या पुन्हा ड्रायव्हिंगची परीक्षा देतोय."