डॉक्टरांसाठी वीस अंडी

लाल तलंग पंख सैल सोडून खुराड्याच्या कोपऱ्यात बसली होती. मालनबाईनं दाणे टाकले तरी तिनं मान वर केली नाही. शेजारी आणखी एक तशीच पेंगत होती.

पंधरा तलंगा आणून आठच दिवस झाले होते. एकीनंही अजून अंडं दिलं नव्हतं. दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायचं, हे मालनबाईचं सतरा वर्षं ठरलेलं. यंदा तिच्या कंबरेनं दगा दिला, म्हणून अजिनाथ भावाला जोडीला घेऊन गेला. जाताना म्हणाला, "कोंबड्या टिकल्या तर तू घरी ऱ्हा. न्हाईतर पुढल्या साली परत कोयता हायच."

बचत गटाच्या रुपालीनं जामखेडच्या जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर सांगितला होता. तो मालनबाईनं कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवला होता. आज तिनं तो लावला.

"डॉक्टर, माझ्या कोंबड्या मरायला लागल्यात हो!"

"अहो बाई, मी..."

"दोघी माना टाकून बसल्यात. मला यातलं काईच कळत न्हाई. आता काय करू?" आणि तिला रडूच कोसळलं.

पलीकडच्या माणसानं तिचं सगळं ऐकून घेतलं.

"रडू नका. तासाभरात फोन करतो."

तासाच्या आतच फोन आला. डॉक्टर एकेक शब्द वाचून दाखवल्यासारखे सांगत गेले. आजारी दोघी वेगळ्या काढा. पाण्याचं भांडं घासून उन्हात वाळवा. खालचा ओला भुसा सगळा काढा, कोरडा टाका. खुराड्यात वारं खेळू द्या.

एक गेली. लाल तलंग चौथ्या दिवशी उठून दाणे टिपू लागली.

"वाचली, डॉक्टर!"

"वाचली व्हय?" डॉक्टरांना तिच्याइतकाच आनंद झालेला जाणवला. "मला डॉक्टर नका म्हणू. सहादेवदादा म्हणा."

एवढा शिकलेला माणूस आणि किती साधा, असं तिला वाटलं. तेव्हापासून संध्याकाळी दिवा लावताना ती त्यांचंही नाव घ्यायची.

पुढं काही अडलं की ती फोन करायची. दादा लगेच कधीच सांगत नसत. कामाचा माणूस, ती समजून घ्यायची. पण फोन आला नाही असं एकदाही झालं नाही. अंडी घालायला अंधाऱ्या कोपऱ्यात गवत घातलेली टोपली ठेवा. अंगावर उवा दिसल्या तर राख नि बारीक माती एकत्र करून द्या, त्यात लोळतील. अंड्याचं कवच पातळ आलं तर शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा.

"बेस्तरवारी तुमच्या गावात लस द्यायला माणूस येणार हाय," एकदा त्यांनी आपणहून फोन केला. "एक पण कोंबडी सुटायला नको."

माघात वस्तीवर कोंबड्यांची साथ, मानमोडी आली. शेजारच्या छबूबाईचं अख्खं खुराडं दोन दिवसांत रिकामं झालं. मालनबाईच्या चौदाही कोंबड्या अंगणात कलकलत होत्या. त्या दिवशी तिनं फोन केला.

"दादा, तुमी नसता तर..."

"अहो, देखभाल तुमची. मी नुसतं सांगितलं."

होळीच्या आदल्या दिवशी अजिनाथचा फोन आला. "मुकादमाला सांगून टाकलं. पुढल्या साली माझी बायको न्हाई यायची."

मालनबाई कितीतरी वेळ हातातल्या मोबाईलकडं बघत बसली. मग उठून तिनं वीस अंडी निवडली, भुसा घालून डब्यात रचली आणि ठेवणीतलं लुगडं नेसून जामखेडची जीप धरली. तिला या माणसाला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

जनावरांच्या दवाखान्यात टेबलामागं एक तरुण बाई बसल्या होत्या.

"सहादेव डॉक्टर हायत का?"

"इथं मी एकटीच डॉक्टर आहे."

"न्हाई, माझ्या कोंबड्या त्यांनीच वाचवल्या. सहादेवदादा. मी मालन."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही मालनबाई? अहो, तुमच्या एकेका कोंबडीची मला खबर आहे. सहादेव म्हणजे स्टँडसमोर पंक्चर काढतो तो." त्या हसल्या. "दिवाळी झाल्यावर एक दिवस धापा टाकत आत आला. म्हणाला, 'मॅडम, कुण्या बाईचा फोन चुकून मला लागलाय. लई रडतीय बिचारी. आजारी कोंबडीला काय करायचं, तेवढं लवकर सांगा.'"