अजून दहाच

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आजोबांची रोजची सकाळ फिजिओथेरपिस्ट नातसुनेच्या ताब्यात गेली. सोसवेना, तेव्हा त्यांनी वृद्धांच्या छळाची ऑनलाइन तक्रार ठोकून दिली. ‘छळ कुणाचा होत आहे?’ या प्रश्नाला ‘माझा’ असं उत्तर देऊन खाली लिहिलं, “घरातलीच बाई रोज पाय पिरगळते. ओरडलं, की गोड हसून ‘अजून दहाच’ म्हणते.”

चौकशीला अधिकारी बाई आल्या, त्या कंबर धरूनच. नातसुनेनं गडबडून खुर्ची पुढे केली. आजोबांना मात्र देव पावल्यासारखं झालं.

“आजोबा, जेवायला नीट देते ना ही?”

“जेवण राजाचं हो! पण सकाळी सगळं वसूल करते.”

बाईंना हसू फुटलं, आणि हसता हसता कमरेत अशी कळ आली की त्या मटकन खुर्चीत बसल्या.

“कधीपासून दुखतंय, ताई?” नातसुनेनं हळूच विचारलं. “आत या बरं, पाच मिनिटं बघते.”

“नका जाऊ!” आजोबा कळवळून म्हणाले. पण तोवर दार लोटलं गेलं होतं.

थोड्याच वेळात आतून आवाज आला, “आई गं! सोडा हो मला!” आणि पाठोपाठ तोच गोड सूर, “झालंच ताई, अजून दहाच.”


आजोबांनी घाईघाईनं चष्मा चढवला, फोन उघडला आणि ‘छळ कुणाचा होत आहे?’ या प्रश्नाला या वेळी ‘दुसऱ्या व्यक्तीचा’ असं उत्तर दिलं.